पाऊण तासासाठी पावणेचार वर्षं

18 मे 2025 ला आमची लेक पहिल्यांदा घोडा घेऊन एकटी बाहेर गेली. पाऊण तास. तेरावा वाढदिवस दोन महिन्यांवर आलेला. त्याआधी पावणेचार वर्षं मी दिसेल त्याला एकच प्रश्न विचारत होते, की मूल एकटं जायला तयार झालं हे ओळखायचं कसं? जे वाचायला मिळालं ते सगळं पणजीच्या काळापासून घरात घोडे असलेल्या लोकांनी लिहिलेलं. त्यांना जे लिहायची गरजच वाटत नाही, नेमकं तेच मला हवं होतं. आम्ही इंग्लंडात, हॅम्पशरमध्ये राहतो. मी स्वतः आयुष्यात एकदाच घोड्यावर बसले आहे, सहावीच्या सहलीत माथेरानला, आणि तेव्हाही लगाम घोडेवाल्याच्या हातात होता. माझ्यासारख्याच कुणाला उपयोग व्हावा म्हणून तारखा आणि खर्चासकट लिहून ठेवते आहे.

सुरुवात सप्टेंबर 2021 ची. लेक नऊ वर्षांची. लॉकडाऊननंतर सगळ्यांनाच मोकळ्या हवेचं वेड लागलं होतं, त्यामुळे रायडिंग स्कूलची प्रतीक्षायादी पाच महिन्यांची होती. एप्रिलमध्ये नाव दिलं, सप्टेंबरात फोन आला. अर्ध्या तासाचे 24 पौंड, चार मुलांच्या गटात. म्हणजे सुट्ट्या वगळून वर्षाला हजाराच्या आतबाहेर. हेल्मेट सुरुवातीला त्यांचंच वापरलं, नाताळात स्वतःचं घेतलं, 85 पौंडांना. इथे एक सांगते, बाकी सगळं जुनं घ्या, बूट, ब्रीचेस (घोडेस्वारीची विजार), खोगीरसुद्धा, पण हेल्मेट जुनं घेऊ नका. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून ठणठणीत दिसतं आणि आतून गेलेलं असतं. आणि दुकानात जाऊन, डोक्याला बसवूनच घ्या. आमची लेक त्या दिवशी अंबाडा घालून गेली होती. दुकानातल्या बाईंनी तो सोडायला लावला आणि मग माप घेतलं. घरी आणून वेणी घातल्यावर ढिलं झालं असतं, म्हणाल्या.

आमचे आबा माण तालुक्यातले. व्हिडिओ कॉलवर त्यांनी नातीला पहिल्यांदा घोड्यावर पाहिलं आणि म्हणाले, "मांड सैल हाय तिची." मांड म्हणजे घोड्यावरची मांड्यांची पकड, हे लेकीला ठाऊक नव्हतं. मग दर रविवारी एक शब्द ठरला. मांड, रिकीब (पाय अडकवायची कडी), तंग, खरारा (घोड्याचं अंग घासणं), दुडकी (हलकी धाव). तिच्या वहीत एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला आबांचे शब्द. आबा नऊ वर्षांचे असताना घरची घोडी नदीवर पाण्याला न्यायचे, खोगिराविना, एकटेच. "कुणी कागद केला न्हाई की काय न्हाई," हे ते पुढे चार वर्षं ऐकवत राहिले.

29 जानेवारी 2022 ला इकडच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, बदल झाले. घोड्याशेजारून गाडी नेताना वेग ताशी 10 मैलांच्या खाली आणि अंतर किमान 2 मीटर ठेवायचं, हे तेव्हा आकड्यांत आलं. रायडिंग स्कूलनं फाटकावर त्याचा कागद लावला. मी तो तीनदा वाचला, कारण त्याच वसंतात लेकीला पहिल्यांदा मैदानाबाहेर नेणार होते. मैदानाबाहेर, रस्त्यानं किंवा रानातून घोडा फिरवण्याला इथे हॅकिंग म्हणतात. मी आयटीत काम करते. "मुलगी हॅकिंग शिकतेय" या वाक्याचा खुलासा ऑफिसात दोनदा करावा लागला.

पहिलं हॅकिंग म्हणजे वीस मिनिटं, दोरी शिक्षिकेच्या हातात, मी मागून चालत. सहा गाड्या गेल्या. चार हळू, एक ठीक, एक भन्नाट. घोडी ढिम्म, लेक ढिम्म, घाम मला.

पुढची दोन वर्षं भराभर सांगते, कारण ती सगळ्यांची सारखीच असतात. पडणं चार वेळा, मनगट मुरगळणं एकदा, रुसवे अगणित. दुडकी जमली, मग कँटर (दुडकीच्या पुढची वेगाची चाल) जमला, मग बुटक्या काठ्यांवरून उड्या. मला वाटायचं, याच शिडीच्या वरच्या पायरीवर "एकटी बाहेर" असणार. उड्या मारता आल्या म्हणजे बाहेर जाता येणारच की! हा माझा सगळ्यात मोठा गैरसमज.

2024 च्या मार्चमध्ये मी रायडिंग स्कूलच्या काउंटरवर विचारलं, की आता हिला एकटीला पाठवता का? तिथल्या मुलीनं नम्रपणे सांगितलं, सोळा वर्षांखाली नाही. मी चिडून घरी येऊन कायदा शोधला. इंग्लंडात भाड्यानं घोडे देणाऱ्यांना 2018 च्या नियमावलीखाली परवाना लागतो. तीत म्हटलंय की सोळा किंवा त्याहून मोठ्या व्यक्तीच्या देखरेखीशिवाय घोडा भाड्यानं देता येणार नाही, मात्र घेणारा एकटा फिरवू शकतो अशी परवानाधारकाची खात्री असेल तर देता येईल. म्हणजे कायदा घेणाऱ्याच्या वयावर अडत नाही, तो मालकाच्या खात्रीवर सोडतो. सोळाची अट स्कूलची स्वतःची होती, विम्याच्या धास्तीनं घातलेली. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, आठवड्याला शंभर मुलं हाताळणाऱ्यानं प्रत्येकाची खात्री कशी पटवून घ्यायची?

रस्त्यावर घोडा नेण्यासाठी इथे वयाची किमान अटच नाही, हे त्याच रात्री कळलं आणि झोप उडाली. सायकलसारखंच. एकच ठाम गोष्ट आहे, 1990 चा कायदा. चौदा वर्षांखालच्या मुलानं रस्त्यावर घोडा चालवताना हेल्मेट घातलंच पाहिजे. पगडी बांधणाऱ्या शीख मुलांना त्यातून सूट आहे. हेल्मेटशिवाय जाऊ दिलं तर गुन्हा आईबापांवर. बाकी सगळं तुमच्या अकलेवर.

जून 2024 मध्ये घोडं पुढे सरकलं, ते पशुखाद्याच्या दुकानातल्या फळ्यावरच्या एका चिठ्ठीमुळे. "शेअर हवा. 13.2, न्यू फॉरेस्ट, 15 वर्षांचा, शहाणा पण खादाड." इथे घोडा विकत न घेता आठवड्यातले काही दिवस वाटून घेण्याची पद्धत आहे, तिला शेअर म्हणतात. न्यू फॉरेस्ट ही तट्टांची जात. 13.2 म्हणजे तेरा हात आणि दोन इंच, हात म्हणजे चार इंच. सुमारे 137 सेंटिमीटर, खांद्यापर्यंत. रंगानं कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी, नाव पीनट. आबांनी लगेच शेंगदाणा केलं.

पीनट ज्या यार्डात राहतो ते मीऑन नदीच्या खोऱ्यात आहे. यार्ड म्हणजे खाजगी तबेला, अकरा घोडे, एक नळ, एक किटली. मालकीणबाई साठी ओलांडलेल्या, आवाज फाटक्या नगाऱ्यासारखा. दोन दिवसांचे आठवड्याला 30 पौंड ठरले, शिवाय त्या दोन दिवसांची लीद काढणं आपल्याकडे. चार आठवड्यांची चाचणी आणि दोन पानांचा करार. करारात काय असावं ते आमच्या चुकांवरून सांगते. नाल ठोकण्याचा खर्च कुणाचा (नालबंद दर सहा आठवड्यांनी येतो), डॉक्टर बोलवायचा अधिकार कुणाला, घोड्यानं तुमच्या हाती असताना कुणाचं नुकसान केलं तर काय, आणि मूल एकटं बाहेर जाणार असेल तर ते कुणाच्या परवानगीनं. हे शेवटचं कलम आमच्या पहिल्या कागदात नव्हतं. बाईंनी हातानं लिहून घातलं, "माझ्या आणि आईच्या, दोघींच्या." घोड्याचा पासपोर्ट, म्हणजे त्याचं ओळखपत्र, बघायला मागा, आणि कातडीखालच्या चिपचा नंबर त्याच्याशी जुळवा. इंग्लंडात 1 ऑक्टोबर 2020 पासून पाळलेल्या घोड्यांना चिप सक्तीची आहे. मला आपलं पासपोर्ट म्हणजे गंमत वाटली होती. माझ्यापेक्षा पीनटचे कागद जास्त नीट लावलेले निघाले.

मग विमा. लेकीला ब्रिटिश हॉर्स सोसायटी या घोडेस्वारांच्या संस्थेची गोल्ड मेंबरशिप घेतली, तिच्यासोबत तिसऱ्याच्या नुकसानीचा विमा येतो. पण मालकीणबाईंच्या घोड्याचा विमा दुसऱ्याच कंपनीचा. बारा वर्षांचं मूल एकटं चालवणार असेल तर तुमचं संरक्षण लागू राहील का, असा साधा ईमेल त्यांना केला. पहिलं उत्तर आलं की तुमचा ईमेल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. दुसरं आलं की पॉलिसी धारकानं स्वतः विचारावं. बाईंनी विचारलं. अकराव्या दिवशी उत्तर आलं: हो, लेखी परवानगी असेल तर. अकरा दिवस घोडं पेंड खात होतं.

ही कटकट का करायची, याचं उत्तर 1971 च्या प्राण्यांविषयीच्या कायद्यात आहे. प्राण्यानं नुकसान केलं तर जबाबदारी त्याला सांभाळणाऱ्यावर येते. आणि सोळा वर्षांखालचं मूल ज्या घरातलं, त्या घराचा कर्ता माणूसही सांभाळणारा धरला जातो. हे वाचल्यावर मी नवऱ्याला उठवून विचारलं, आपल्या घराचा कर्ता कोण? तो म्हणाला, "सकाळी ठरवू."

सप्टेंबर 2024. मी बाईंना तोच जुना प्रश्न विचारला, कधी? त्या पीनटच्या खुरातला चिखल काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिला विचार, तंग किती वेळा बघते."

मला वाटलं टाळताहेत. मग बघायला लागले. तंग म्हणजे खोगीर पोटाखालून आवळणारा पट्टा. तो आवळताना पीनट पोट फुगवतो. साळसूद चेहरा करून उभा राहतो, कान पुढे, जणू काही केलंच नाही. दहा पावलं चालला की श्वास सोडतो आणि पट्टा दोन भोकं ढिला होतो. तो परत आवळला नाही तर पहिल्या वळणावर खोगीर घसरतं आणि त्याच्यासोबत वरचं माणूसही. रायडिंग स्कूलमध्ये हे शिक्षिका करायची. लेकीला तीन वर्षांत एकदाही स्वतःहून तंग बघावा लागला नव्हता. आणि मी तिच्या उड्या मोजत होते!

पुढचे तीन महिने तिनं जे शिकलं त्यातलं फारच थोडं घोड्यावर बसून होतं. एका झटक्यात सुटेल अशी दोरीची गाठ. जमिनीवरून, ओट्याविना चढणं. घोड्यावरून न उतरता फाटक उघडणं आणि लावणं, आणि ते जमत नसेल तर उतरून उघडणं आणि पुन्हा चढायला उंचवटा शोधणं. दगड अडकलेला खूर ओळखणं. नकाशा वाचणं: 1:25,000 च्या नकाशावर हिरव्या लांब रेघा म्हणजे ब्रायडलवे, तिथून घोडा नेता येतो, आणि आखूड रेघा म्हणजे नुसती पायवाट, तिथून नाही. खांबावरचा निळा बाण आपला, पिवळा आपला नाही. ब्रायडलवेवर सायकली येतात, 1968 पासून त्यांना तो हक्क आहे, पण त्यांनी घोड्याला वाट द्यायची असते. द्यायची असते, देतातच असं नाही.

आणि एक गोष्ट मला फारच चमत्कारिक वाटली: उजवीकडून घोडा चालवत नेणं. घोडा हातानं नेताना माणूस नेहमी त्याच्या डाव्या बाजूला असतो. घोड्याला तीच सवय. पण इथे रस्त्याची डावी बाजू धरून चालायचं, आणि माणसानं गाड्या आणि घोडा यांच्यामध्ये राहायचं. म्हणजे घोड्याच्या उजवीकडे. पहिल्या दिवशी पीनट जागच्या जागी गोल फिरत राहिला, ही चुकीच्या बाजूला का उभी आहे ते त्याला कळेना. सहा रविवार, दर वेळी दहा मिनिटं यार्डाच्या आवारात हेच. मी म्हटलं, ही घोड्यावर बसायला पैसे देतेय की चालायला? बाई म्हणाल्या, "लागेल तेव्हा कळेल."

हॅकिंग या काळात नेहमी सोबतीनं. आधी मोठ्या घोड्याच्या कडेला, मग त्याच्या मागे, मग पुढे. पुढे हे सगळ्यात अवघड, कारण पुढच्या घोड्याला सगळं आधी दिसतं. 1 ऑक्टोबर ते 1 फेब्रुवारी फेझंटच्या शिकारीचा हंगाम असतो, रानातून बार ऐकू येतात. त्या महिन्यांत टेकडीकडची वाट बंद. फेझंट म्हणजे कोंबड्याच्या आकाराचा एक मूर्ख पक्षी, पायाखाली येईपर्यंत बसून राहतो आणि मग भर्रकन तोंडासमोर उडतो. पीनट गोळ्यांना भीत नाही, फेझंटलाही नाही. तो भितो कचऱ्याच्या डब्यांना. बुधवारी गावात सगळ्यांच्या दारात चाकांचे डबे उभे असतात आणि बुधवारी पीनट अडेलतट्टू होतो. तुमच्या गावातला कचऱ्याचा वार शोधून ठेवा. हसू नका.

जानेवारी 2025 पासून ब्रिटिश हॉर्स सोसायटीच्या राइड सेफ परीक्षेची तयारी. ही सक्तीची नाही, पण बाईंची अट होती. पाच शिकवण्या आणि परीक्षा धरून आम्हाला दीडशे पौंडांच्या आसपास पडलं. मैदानात शंकू मांडून खोटे रस्ते, खोटा चौक, कुंपणाला बांधलेली फडफडती पिशवी, बाबागाडी, उघडमीट करणारी छत्री. उजवीकडे वळायचं असेल तर गाडीसारखं रस्त्याच्या मध्ये जायचं नाही, डावी कडा धरून चौकापर्यंत जायचं, मागे बघायचं, हात दाखवायचा, पुन्हा मागे बघायचं, मग वळायचं. दुसऱ्यांदा मागे बघणं लेक हमखास विसरायची. घरी जेवताना मी "बघ" म्हटलं की ती उजव्या खांद्यावरून मागे बघायची आणि मग पोळी घ्यायची. नवऱ्याला वाटलं दोघींचं बिघडलंय.

परीक्षा 1 मार्चला होती. वाऱ्यामुळे रद्द झाली. पहाटे सहाला उठून घोडा चकाचक केला होता, खरारा करून करून माझेच हात भरून आले होते. साडेसातला फोन. लेक रडली. नवी तारीख 5 एप्रिल. त्या दिवशी लख्ख ऊन. आधी खोगीर-लगाम तपासणं, मग प्रश्न, मग मैदानातला खोटा रस्ता, मग खरा रस्ता. पालकांना रस्त्यावर येऊ देत नाहीत, मी यार्डातच. खऱ्या रस्त्यावर परीक्षक ठिकठिकाणी उभे असतात. तिला दुसऱ्यांदा मागे बघायची आठवण राहिली. ड्रायव्हरचे आभार मानताना मात्र तिनं लगाम सोडून हात हलवला, तेव्हा घोडा जरा तिरका झाला. परीक्षक म्हणाले, हात मोकळा नसेल तेव्हा मान हलवून हसायचं. पास झाली.

संध्याकाळी आबांना फोन केला. "आता झालं न्हवं? कागूद मिळाला!" मलाही तेच वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी बाईंना विचारलं, मग पुढच्या रविवारी? "नाही," बाई म्हणाल्या. "तिची परीक्षा झाली. दोघांची नाही झाली."

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. घोडा कळपातला प्राणी. दहा घोड्यांसोबत देवासारखा चालणारा एकटा निघाला की फाटकातच पाय रोवतो, मागे वळून खिंकाळतो. मूल तयार आणि घोडा नाही, किंवा उलट, असं सर्रास होतं. म्हणून आता सावलीच्या फेऱ्या. लेक पुढे एकटी, बाईंची मदतनीस घोड्यावरून दोनशे मीटर मागे, आणि मदतनीस नसेल तर मी सायकलवर. वाट ठरलेली: यार्डातून गल्ली, तिथून जुन्या रेल्वेची वाट, फाटकातून वर शेताच्या कडेनं ब्रायडलवे, आणि गल्लीतून परत. मीऑन खोऱ्यातली ही रेल्वे 1955 मध्ये प्रवाशांसाठी बंद झाली. आता रुळांच्या जागी सपाट वाट आहे, चालणाऱ्यांना, सायकलींना आणि घोड्यांना. खोऱ्यातला मोठा रस्ता, ए 32, शनिवार-रविवारी मोटरसायकलवाल्यांचा. आमच्या वाटेत तो येत नव्हता, आणि येत असता तर मी हे लिहीत नसते.

27 एप्रिल: पीनट फाटकात चार मिनिटं अडून बसला, मग निघाला. 4 मे: अडला नाही. 11 मे: मी सायकलवर मागे. शेताच्या कडेला आदल्या दिवशी चाऱ्याचे गठ्ठे आणून टाकले होते, काळ्या चकचकीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. एकाचं प्लास्टिक सुटून वाऱ्यावर फटफट वाजत होतं. पीनट थांबला. मान वर, कान कात्रीसारखे, नाकपुड्या फुललेल्या, फुर्र फुर्र. लेकीनं पायांनी इशारा केला. तो दोन पावलं मागे सरकला. तिनं त्याला एक गोल वळसा घेऊन पुन्हा आणलं. पुन्हा तेच, आता मागचे पाय खंदकाच्या काठाशी. मी लांबून मनात ओरडत होते, मांड घट्ट धर, लाव एक टाच, जाईल तो.

ती उतरली. रिकिबी वर सरकवल्या, उजव्या बाजूला गेली, गठ्ठे आणि घोडा यांच्यामध्ये, आणि त्याच्याशी बोलत बोलत त्याला पुढे काढलं. पुढे चढायला उंचवटा नव्हता. जमिनीवरून चढायचा एकदा प्रयत्न केला, पीनट अजून नाचत होता, तिनं पाय काढून घेतला. आणि मग ती चालायला लागली. उरलेली सगळी वाट, सव्वा मैल, चिखलातून, घोडा हातात धरून. मी सायकल हातात धरून मागे. रस्त्यावर एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, "पाडलं वाटतं?" लेक म्हणाली, "नाही, आम्ही चालतोय."

यार्डात येईपर्यंत मला काय बोलावं सुचत नव्हतं. चार वर्षं, एवढे पैसे, आणि घोडा ओढत परत. बाईंनी तिच्या बुटांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कुठे उतरलीस, का उतरलीस, परत का नाही चढलीस, तीन प्रश्न विचारले. लेकीनं तीन उत्तरं दिली. "पुढच्या रविवारी एकटी," बाई म्हणाल्या आणि किटली ठेवायला गेल्या.

तो आठवडा सगळ्यात लांब गेला. आबांना सांगितलं तर नदीवर एकटे जाणारे आबाच म्हणाले, "एकटी सोडतीस व्हय गं? कुणीतरी सोबत दे की." मी म्हटलं, "तुम्हाला कुणी सोबत दिली होती का?" तर म्हणाले, "त्या टायमाला मोटारी नव्हत्या." खरंच होतं ते.

18 मे, रविवार. तयारी अशी: गुलाबी-पिवळं चमकदार जाकीट, दिवसाढवळ्यासुद्धा. घोड्याच्या पायांना चमकत्या पट्ट्या, कारण हलणारी वस्तू ड्रायव्हरला आधी दिसते. पाठीचं संरक्षक जाकीट. मोबाइल तिच्या दंडाला बांधलेला. खोगिराच्या पिशवीत मोबाइल ठेवू नका, मूल पडलं तर घोडा मोबाइल घेऊन घरी येतो आणि मूल रानात राहतं. उलट खोगिराला यार्डाचा फोन नंबर लिहिलेली पट्टी लावा, घोडा एकटा सापडला तर कामी येते. तीन शब्दांनी जागा सांगणारं ॲप फोनमध्ये. वाट आणि वेळ यार्डातल्या पांढऱ्या फळ्यावर: बाहेर 10.15, परत 11.00. वाट बदलायची नाही, कितीही मोह झाला तरी. आणि एक करार तिच्याशी, तोंडी: उशीर झाला तर धावत यायचं नाही.

चढली. दहा पावलं गेली, थांबली, खाली वाकली आणि तंग दोन भोकं आवळला. मग गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली. टापांचा आवाज थोडा वेळ येत राहिला, डांबरावर टक टक, मग मातीत शिरल्यावर बंद.

मी लीद काढली. झाडलं. पाण्याच्या बादल्या धुतल्या, धुतलेल्या पुन्हा धुतल्या. नवऱ्याकडे मोबाइलवर तिचा ठिपका दिसत होता, मी त्याला सांगितलं होतं की काही वेगळं दिसल्याशिवाय फोन करू नकोस. 10.40 ला त्याचा फोन आला. माझ्या हातून घमेलं पडलं. तो म्हणाला, "काही नाही, ठिपका चाललाय, एवढंच सांगायला."

11.00 वाजले. 11.03. बाई चहा पीत होत्या. 11.05 ला मी सायकलीकडे बघितलं, बाईंनी माझ्याकडे. 11.07 ला टक टक आलं, चालीचं, दुडकीचं नव्हे. उशीर झालेला आणि ती चालत येत होती.

आली, उतरली, रिकिबी वर घेतल्या, तंग सैल केला, पीनटला पाणी दाखवलं. माझ्याकडे बघून नुसती मान हलवून हसली, लगाम हातात होता म्हणून. मी काही विचारण्याआधी फळ्यापाशी गेली, 11.00 वर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: 11.09. फाटकाची कडी गंजली आहे, तेल लागेल.